मोटरहोमच्या फीड पंपाखाली गळती : पॅकिंग घरी बदलता येईल का?

मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे एक जुनी डिझेल व्हॅन आहे. मागची आसने काढून तिथे दोन बिछाने, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि छतावर सौर पॅनेल बसवून तिचे मोटरहोम करून घेतले आहे, आणि नोंदणीच्या कागदांवरही तो बदल रीतसर चढवला आहे. इंजिन चार सिलिंडरचे, जुन्या पद्धतीचे आहे. इंजेक्टरना डिझेल देणारा मुख्य पंप इनलाइन (सगळे दट्टे एका ओळीत असलेला) असून त्याच्या कुशीला टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि फीड पंपावर हाताने दाबायचा हँड पंप आहे. पावसाळाभर गाडी घराशेजारच्या शेडमध्ये उभी असते. यंदा पाऊस संपल्यावर बाहेर काढली तेव्हा फीड पंपाच्या खालच्या अंगाला ओल दिसली आणि आता ती ठिबकण्यापर्यंत आली आहे. रात्री गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला तर सकाळी त्याचा तळ झाकलेला असतो. इंजिनाचे झाकण पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, म्हणजे राहत्या भागातच उघडते, त्यामुळे वास थेट बिछान्यापर्यंत पोहोचतो. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे ही गळती थांबल्याशिवाय त्यांना बरोबर नेणे मला योग्य वाटत नाही.

दोन ठिकाणी गाडी दाखवली. एका गॅरेजमध्ये पूर्ण पंप उतरवून नवीन संच बसवा असे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी आहे त्याच पॅकिंगवर बाहेरून लाल सिलिकॉन पेस्ट लावून देतो म्हणाले. पहिला उपाय खर्चाचा आहे आणि दुसऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. माझे दीर शेतीच्या पंपांची आणि ट्रॅक्टरची दुरुस्ती स्वतः करतात, त्यामुळे हाताला पाना नवा नाही. मात्र डिझेल गाडीचा पंप त्यांनी आजवर उघडलेला नाही.

मला विचारायचे आहे ते असे. फीड पंपाची पॅकिंग मुख्य पंप न उतरवता बदलता येते का, आणि ती बदलताना इंजिनाचे टायमिंग (सिलिंडरमध्ये डिझेल सोडण्याची वेळ) चुकण्याचा धोका आहे का? पॅकिंगसाठी कोणता कागद वापरावा? आणि ज्या गाडीत गॅस सिलिंडर, दुसरी बॅटरी आणि माणसांचे अंथरूण आहे, तिथे हे काम करताना नेहमीपेक्षा वेगळी काय काळजी घ्यावी? सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, हेही सांगून ठेवते. त्याचा या गळतीशी संबंध असेल तर कळावे.

निपाणी नाका

ताई, नमस्कार. पंप-नोझलच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्या आधारावर एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पॅकिंगला हात लावण्याआधी ट्रेमध्ये जमणारे द्रव डिझेल आहे की इंजिन ऑइल आहे, हे नक्की करा, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

इनलाइन पंपाच्या पोटात एक कॅमशाफ्ट फिरतो आणि त्यावरचा एक्सेंट्रिक (केंद्र सोडून बसवलेली चकती) फीड पंपाचा दट्ट्या ढकलतो. ज्या फ्लँजवर फीड पंप तीन नटांनी बसतो, त्या फ्लँजच्या आतल्या अंगाला डिझेल नसते, ऑइल असते. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये जे ओएम ६१६ कुळातले इंजिन येत असे (बजाज टेम्पोने १९८२ साली डाइमलर-बेंझकडून त्याचा परवाना घेतला होता), त्यात या पंपाला इंजिनाचेच ऑइल मिळते. काही जुन्या इनलाइन पंपांना स्वतःचे वेगळे ऑइल असते, ते पंपावरच भरावे लागते. दोन्ही प्रकारांत फ्लँजची पॅकिंग फाटली तर बाहेर येते ते काळसर ऑइल. म्हणून तुमच्याकडे स्वच्छ, पातळ डिझेल ठिबकत असेल, तर नुसती ही पॅकिंग बदलून ते थांबणार नाही, आणि काम केल्यावर पुन्हा ओल दिसली की दोष नव्या पॅकिंगला दिला जाईल.

डिझेल बाहेर येण्याच्या जागा वेगळ्या आहेत. फीड पंपाला येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या पाइपांच्या बँजो बोल्टखाली (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखाली) तांब्याचे वायसर असतात. हँड पंपाच्या मानेपाशी आणि त्याच्या दांड्याभोवती रबरी सील असते. पंपाच्या डोक्यावर, जिथून इंजेक्टरचे पाइप निघतात, तिथे डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरखाली ओ-रिंग असते. यांपैकी वर कुठेही पाझरले तरी डिझेल अंगावरून ओघळत फीड पंपाच्या खालच्या कडेला येऊन थेंब धरते, आणि पाहणाऱ्याला वाटते की तिथूनच गळत आहे.

तेव्हा असे करा. थंड इंजिनावर पंपाचा सगळा भाग ब्रश आणि थोडे डिझेल घेऊन धुऊन काढा, फडक्याने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या. मग त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरवा. रांगोळी मात्र अजिबात वापरू नका. ती दगडाची भुकटी आहे आणि तिचा एक कण जरी डिझेल लाइनमध्ये गेला तरी पंपाचे बारीक घासून बसवलेले भाग खराब होतील. पावडर टाकल्यावर हँड पंपाची मूठ आट्यातून मोकळी करून वीस-पंचवीस वेळा दाबा, पुन्हा घट्ट बसवा आणि मग इंजिन सुरू करून काही मिनिटे चालू ठेवा. जिथून द्रव निघते तिथे पावडरीवर आधी ओला ठिपका उमटतो आणि त्याच्याखाली ओघळ दिसतो. ठिपक्याची सर्वांत वरची जागा पाहा.

याबरोबरच डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची पातळी पाहा. फीड पंपाचा दट्ट्या ज्या छोट्या दांडीने ढकलला जातो, ती झिजली की डिझेल बाहेर न येता आत, म्हणजे ऑइलमध्ये उतरते. पातळी आपोआप वाढलेली असेल, ऑइल पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ही बाहेरच्या गळतीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. डिपस्टिकवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून ठेवला तर डिझेल मिसळलेल्या ऑइलचा मधला डाग गडद राहतो आणि त्याभोवती फिकट, तेलकट कडे दूरवर पसरते. अशा अवस्थेत नुसती पॅकिंग नको. फीड पंप बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, आणि तोवर गाडी चालवू नका.

सकाळी सुरू होण्यास होणाऱ्या विलंबाचा संबंध असू शकतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथले वायसर किंवा हँड पंपाचे सील सैल असेल, तर इंजिन चालू असताना त्या फटीतून हवा आत ओढली जाते, आणि बंद असताना त्याच फटीतून डिझेल हळूहळू मागे उतरते किंवा बाहेर पाझरते.

मलप्रभाकाठ, खानापूर

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दिरांनी पंप धुऊन, पावडर टाकून पाहिला. हँड पंप दाबायला लागल्याबरोबर त्याच्या मानेखाली स्पष्ट ओला ठिपका उमटला आणि ओघळ फीड पंपाच्या अंगावरून खाली आला. हे द्रव स्वच्छ डिझेलच आहे. इंजिन चालू केल्यावर काही वेळाने फ्लँजच्या जोडाशीही, एका नटाच्या बाजूला, काळसर रेष दिसू लागली. बोटाला ती चिकट लागते आणि तिला डिझेलचा वास नाही. बँजो बोल्ट आणि वरचे डिलिव्हरी व्हॉल्व्ह कोरडे आहेत. डिपस्टिकवरची पातळी मागच्या वेळी होती तेवढीच आहे, आणि कागदावरच्या डागाभोवती तसे कडे पसरले नाही.

म्हणजे दोन वेगळ्या गळती एकाच जागी येऊन मिळत आहेत असे समजायचे का? तसे असेल तर फीड पंप एकदा उतरवून दोन्ही कामे एकत्र करावीत असा विचार आहे. पॅकिंग तयार मिळाली नाही तर ती घरी कापण्याची नेमकी पद्धत कोणी सांगितली तर बरे होईल.

उद्यमबाग

ताई, तुमचा निष्कर्ष बरोबर आहे. फीड पंप उतरवल्याने टायमिंगला धक्का लागत नाही. टायमिंग ठरते ते मुख्य पंप इंजिनाला ज्या पुढच्या फ्लँजने जोडलेला असतो त्याच्या स्थितीवरून, आणि ते नट तुम्हाला सोडायचेच नाहीत. त्यामुळे संपूर्ण पंप उतरवण्याचा सल्ला या दोषासाठी गरजेचा नाही.

काम सुरू करण्याआधी भोवतालची जागा पुन्हा एकदा धुऊन घ्या, कारण तोंड उघडल्यावर आत कचरा जाणे हेच या कामातले सर्वांत मोठे नुकसान आहे. दोन्ही बँजो बोल्ट सोडताना खाली भांडे धरा आणि सुटलेल्या पाइपांच्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा रबराने बांधा. कापूस किंवा चिंधी कोंबू नका, त्यांचे धागे आत राहतात. कोणता पाइप येणारा आणि कोणता जाणारा, यावर खूण करून ठेवा. मग तीन नट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. आतली स्प्रिंग फीड पंपाला बाहेर ढकलत असते, त्यामुळे एक नट पूर्ण काढून दुसऱ्याकडे वळलात तर फ्लँज तिरपा होऊन त्याचा कान मोडू शकतो.

जुनी पॅकिंग काढताना स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. पंपाचे अंग ॲल्युमिनियमचे असते आणि त्यावर उठलेला एक ओरखडा पुढे कायमचा पाझर होतो. लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी वापरा. कागद चिकटून बसला असेल तर डिझेलमध्ये भिजवून थोडा वेळ जाऊ द्या. मोकळ्या झालेल्या भोकात बोळा न कोंबता, धागे न सुटणारे स्वच्छ कापड बाहेरून झाकून ठेवा.

आता फ्लँजचा पृष्ठभाग. एकाच नटाच्या बाजूला ऑइलची रेष दिसते असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून मला फ्लँज किंचित वाकलेला असण्याची शक्यता वाटते. कोणीतरी पूर्वी ती गळती नट आवळून थांबवण्याचा प्रयत्न केला की असे होते. फीड पंपाच्या फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा. फरक लहान असेल तर जाड सपाट काचेवर २२० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, वर थोडे डिझेल टाकून, फीड पंप आठाच्या आकड्यासारखा फिरवत घासा. सगळीकडे एकसारखी झळाळी आली की थांबा. घासण्याआधी आतला रोलर आणि स्प्रिंग काढून भोके बंद करायला विसरू नका, आणि नंतर सगळे भाग स्वच्छ डिझेलमध्ये धुवा. फरक जास्त असेल तर हाताने झगडत बसू नका. इथे बेळगावच्या उद्यमबागेत सरफेस ग्राइंडिंग (यंत्रावर घासून पृष्ठभाग सपाट करणे) करून देणारी छोटी वर्कशॉप आहेत आणि हे काम त्यांच्या दृष्टीने किरकोळ आहे.

पॅकिंगचा कागद स्पेअर पार्टच्या दुकानात ताव किंवा तुकडा म्हणून मिळतो. जुन्या पॅकिंगचा न दबलेला कोपरा मायक्रोमीटरने किंवा व्हर्नियरने मोजा आणि त्याच जाडीचा घ्या. अशा जागी साधारण अर्धा मिलिमीटरचा कागद असतो. जाड कागद जास्त चांगला, किंवा दोन पॅकिंग एकावर एक टाकल्या की गळती नक्की थांबते, हा समज चुकीचा आहे. फीड पंप जितका बाहेर सरकेल तितकी कॅमची ढकल कमी पोहोचते, दट्ट्याचा पल्ला कमी होतो आणि घाटात, जिथे इंजिनाला डिझेल सर्वांत जास्त लागते, तिथेच पुरवठा तोकडा पडतो. जांबोटीच्या पुढे चोर्ल्याकडे भरलेली गाडी घेऊन जाताना हा फरक जाणवतो.

कापण्यासाठी फ्लँजला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि कागदावर दाबून ठसा घ्या. भोके आधी पाडा, पोकळ पंचाने, लाकडावर ठेवून. आतला मोठा गोल त्यानंतर आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी कापा. कड आधी कापली तर कागद सरकतो आणि भोके जुळत नाहीत. हातोडीने फ्लँजच्या कडेवर ठोकून कागद तोडण्याची गॅरेजमधली पद्धत बिडाच्या भागावर चालते. ॲल्युमिनियमवर ती करू नका.

सिलिकॉन पेस्टबद्दलचा तुमचा संशय योग्य आहे. साधे आरटीव्ही (हवेत आपोआप घट्ट होणारे) सिलिकॉन डिझेलमध्ये फुगते, मऊ पडते आणि त्याचे तुकडे सुटतात. बाहेरून लावलेला थर आतल्या दाबापुढे टिकत नाही, आणि आत गेलेला तुकडा लाइन अडवतो. सपाट फ्लँज आणि योग्य जाडीचा कागद असेल तर कोरड्या पॅकिंगला काहीही लावावे लागत नाही; दोन्ही अंगांना इंजिन ऑइलचे बोट फिरवले तरी पुरे.

बसवताना इंजिन क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने थोडे फिरवा आणि आतला एक्सेंट्रिक खालच्या स्थितीत आणा, म्हणजे फीड पंप स्प्रिंगशी न झुंजता सपाट बसेल. नट आळीपाळीने आवळा. १० मिलिमीटरच्या पान्याचे, म्हणजे सहा मिलिमीटर आट्याचे नट असतील तर ८ ते १० न्यूटन-मीटर पुरते. १३ च्या पान्याचे, आठ मिलिमीटर आट्याचे असतील तर २० च्या आसपास. टॉर्क रेंच नसेल तर छोटा रिंग पाना घेऊन मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याच्या नव्हे.

बँजोचे तांब्याचे वायसर नवीन घ्या. किंमत नगण्य असते. प्रवासात नवीन मिळाले नाहीत तर जुने मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करावेत, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते आणि बसते. ॲल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नये, ते रंग न बदलता अचानक वितळतात.

हँड पंप दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, संपूर्ण नवीन बसवा. त्याच्या मानेखालचा वायसरही त्याच वेळी बदला. जुन्या हँड पंपांतली नायट्रिल रबराची सील आताच्या डिझेलमध्ये लवकर दगा देतात, यामागे कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. वर्षानुवर्षे ज्या घटकांनी जुने रबर फुगून घट्ट बसले होते ते कमी झाले की रबर आकसते आणि फट पडते. सील घेताना व्हायटॉनची (इंधन सोसणाऱ्या रबराची) आहेत का, हे दुकानात विचारून घ्या.

हुक्केरी रस्ता

ताई, मी स्वतः अशाच एका मोटरहोमने कुटुंबासह फिरतो, त्यामुळे फक्त राहत्या गाडीपुरते लिहितो.

कामाच्या आधी गॅस सिलिंडर गाडीतून उतरवून बाहेर, उघड्यावर ठेवा. नुसता रेग्युलेटर बंद करणे मला पुरेसे वाटत नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गाडीच्या तळाशी साचतो, आणि इंजिनाचे झाकण उघडले की तोच तळ आणि इंजिनाची जागा एक होते. त्यानंतर सौर पॅनेलची जोडणी काढा, मग राहत्या भागाची बॅटरी आणि शेवटी इंजिनाची बॅटरी ऋण टोकाकडून सोडा. क्रम महत्त्वाचा आहे. पॅनेल जोडलेले असताना बॅटरी सोडली तर बऱ्याच चार्ज कंट्रोलरना ते सोसत नाही, आणि इन्व्हर्टरची तार चुकून कशाला लागली तर ठिणगी पडते. जोडताना उलट क्रमाने, बॅटरी आधी आणि पॅनेल शेवटी.

डिझेल पेट्रोलसारखे सहज पेट घेत नाही म्हणून अनेकजण ही गळती हसण्यावारी नेतात. मला ते मान्य नाही. डिझेल साधारण २१० अंश सेल्सियसला ठिणगीशिवायही पेटू शकते, आणि तवंदीचा घाट चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तापमान त्याच्या खूप वर असते. ओएम ६१६ मध्ये पंप एका अंगाला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या अंगाला असतो हे खरे, पण पंख्याचा वारा पातळ डिझेल कुठेही नेऊन टाकतो.

इंजिनाच्या झाकणाला आतून आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी फोम किंवा जाड नमदा लावलेला असतो. तो उतरवून पाहा. गळती थांबली तरी वास जात नाही अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि बहुतेक वेळा डिझेल त्या नमद्यात मुरलेले असते. तो धुऊन निघत नाही, फेकून नवीनच लावावा लागतो. सासूबाईंच्या दम्यासाठी हे काम टाळू नका. इंजिन माउंटिंगचे रबर आणि खालून जाणारे पाण्याचे होज पाइपही बोटाने दाबून पाहा, कारण डिझेल लागून लागून रबर फुगते आणि स्पंजासारखे मऊ होते.

आणखी एक विचार मांडतो. मेकॅनिकल फीड पंप काढून टाकून त्या जागी पत्र्याची पट्टी बसवावी आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावावा, असे केले तर ही पॅकिंगची कटकटच राहणार नाही. त्याबद्दल जाणकारांचे मत काय आहे?

निपाणी नाका

इलेक्ट्रिक पंपाबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे, विशेषतः ज्या गाडीत माणसे झोपतात तिच्यासाठी. मेकॅनिकल फीड पंप इंजिन थांबले की थांबतो. इलेक्ट्रिक पंप किल्ली चालू आहे तोवर डिझेल ढकलत राहतो. अपघातात पाइप तुटला आणि इंजिन बंद पडले, तरी तो टाकी रिकामी होईपर्यंत ओततच राहील, म्हणून त्याला धक्क्याने तुटणारा स्विच आणि ऑइलच्या दाबावर चालणारा रिले लावावा लागतो. शिवाय पट्टी बसवली तरी तिच्याखाली पॅकिंग लागतेच, कारण पंपातले ऑइल अडवायचे असते. जी वस्तू नव्या वायसर-पॅकिंगवर पुन्हा अनेक वर्षे चालणार आहे, ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

आता एअर (डिझेल लाइनमध्ये शिरलेली हवा) काढण्याबद्दल, कारण काम नीट करूनही गाडी सुरू होत नाही म्हणून लोक घाबरतात ते इथेच. सगळे बसवून झाल्यावर डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा आणि नवीन हँड पंपाची मूठ सोडून दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, आणि शेवटी बुडबुड्यांशिवाय सलग धार येईल. तशी धार चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर मुख्य पंपाच्या रिटर्न व्हॉल्व्हमधून सूं असा बारीक आवाज येईपर्यंत आणखी दाबा. तो आवाज म्हणजे पंपाची गॅलरी, म्हणजे आतली डिझेलची पोकळी, भरल्याची खूण. हँड पंपाची मूठ पुन्हा पूर्ण खाली आटून बसवा. ती अर्धवट राहिली तर नवीन पंपही गळेल आणि हवा ओढेल.

एवढ्यावर बहुतेक वेळा इंजिन सुरू होते. झाले नाही तर इंजेक्टरकडचे पाइपांचे नट अर्धा-एक आटा सैल करून स्टार्टर मारा आणि डिझेल दिसले की एकेक आवळत जा. त्या वेळी तोंड आणि हात लांब ठेवा, कारण इंजेक्टर लाइनमधला दाब शंभर बारच्या वर असतो आणि त्या दाबाची बारीक फवार कातडीतून आत घुसते. असे काही झाले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी नव्हे, त्याच घटकेला दवाखाना गाठावा. स्टार्टर एका वेळी पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला निवू द्या.

वरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरना या कामात हात लावू नका. ते कोरडे आहेत असे तुम्ही पाहिले आहे. त्यांना दातेरी खास सॉकेट लागते, आवळण्याचा टॉर्क नेमका असावा लागतो, आणि खाली कण गेला तर सिलिंडरचे डिझेल कमी-जास्त होऊन इंजिन थरथरते. पुढे कधी तिथे ओल आली तर ते काम पंप-नोझलच्या दुकानातच द्यावे.

इंजिन सुरू झाल्यावर गरम होईपर्यंत जागेवर चालवा आणि पुन्हा पावडर टाकून जोड पाहा. कागदाची पॅकिंग पहिल्या तापण्या-निवण्यात थोडी बसते, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तिन्ही नटांना एकदाच पाना लावून बघा. हलत असतील तर पहिल्या टॉर्कपर्यंतच न्या, त्यापुढे नको. पहिली फेरी घराजवळच, खानापूर ते बेळगाव एवढीच ठेवा, आणि परतल्यावर डिपस्टिकची पातळी लिहून ठेवा. पुढच्या एक-दोन प्रवासांत ती वर सरकली नाही, तर फीड पंपाची दांडी शाबूत आहे आणि तोच पंप पुढे वापरायला हरकत नाही.

मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांचे आभार. नवीन हँड पंप, वायसर आणि अर्ध्या मिलिमीटरचा कागद बेळगावात मिळाला. फीड पंप उतरवून फ्लँजवर पट्टी धरली, तर ज्या नटाच्या बाजूला ऑइलची रेष होती तोच कान खरोखर वाकलेला निघाला. काचेवर घासून तो सपाट झाला. एअर काढायला वेळ लागला, पण इंजेक्टरचे नट सैल करावे लागले नाहीत. आता दोन्ही जागा कोरड्या आहेत आणि सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. झाकणाखालचा नमदा डिझेलने भिजलेला होता, तो काढून टाकला आहे. त्या जागी आग न धरणारे आणि डिझेल न शोषणारे कोणते अस्तर लावावे, हे हुक्केरी रस्ता यांनी आपल्या अनुभवावरून सांगावे.

हुक्केरी रस्ता

ताई, ज्याच्या एका अंगाला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो असे ग्लास वूलचे किंवा सिरॅमिक वूलचे अस्तर घ्या, पत्र्याची बाजू इंजिनाकडे ठेवा आणि कडा उष्णता सोसणाऱ्या ॲल्युमिनियम टेपने चारही बाजूंनी बंद करा, म्हणजे डिझेल आत शिरणार नाही आणि तंतू राहत्या भागात उडणार नाहीत. कापताना नाकाला मास्क आणि हातात मोजे घाला, आणि ते काम सासूबाई घरात असताना गाडीबाहेर, मोकळ्यावर करा. झाकणाच्या कडेचे रबरी बीडिंग जुने असेल तर तेही याच वेळी बदला. वास आत येतो तो बहुधा तिथूनच.